बदकाची मान

बदकाची मान मोडलेली आहे हे जयप्रकाशरावांना कुंपणाच्या अलीकडूनच दिसलं. खरं तर ते तुळशीला पाणी घालायला बागेत आले होते. लेकीनं, वैदेहीनं हौसेनं आणलेली ती तुळस हॉलंडातल्या फोरबर्गच्या हवेत कुरकुरत का होईना जगत होती, आणि तिला जगवणं हे सध्या जयप्रकाशरावांचं एकमेव अधिकृत काम होतं. पलीकडे शेजारच्या योकेबाईंनी बागेतल्या टेबलावर टेबलाएवढाच एक फोटो पसरला होता आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कुंड्या ठेवल्या होत्या. फोटोत मोत्यांचं एक कडं, कड्यात एक बदक, त्याच्या गळ्याला बांधलेली मागं उडणारी फीत आणि चोचीत एक माळ. बदक मोठं तोऱ्यात उभं होतं. फक्त मानेच्या मध्यावर, फितीच्या जरा वर, त्याची मान नक्षीच्या चौकटीतली दोन घरं उजवीकडे सरकली होती. बघणाऱ्या हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांना ते दिसलं नसतं. पण जयप्रकाशरावांनी सोलापुरात चादरींच्या कारखान्यांत चाळीस वर्षं नक्षी काढण्यात घालवली होती आणि त्यांचा डोळा नको तिथं नेमका जाई.

"मिस्टेक," झारी हातात धरूनच ते म्हणाले.

योकेबाईंनी वर पाहिलं. त्या एका संग्रहालयात जुन्या कापडांची देखभाल करत. संग्रहालय मार्चपासून बंद होतं, म्हणून कापडांऐवजी कापडांचे फोटो घरी आणून त्यांचं काम चाललं होतं. गेल्या तीन महिन्यांत दोघांत 'गुड मॉर्निंग' आणि हवेबद्दलची तक्रार ह्यापलीकडे काही बोलणं झालेलं नव्हतं.

"कुठं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नेक. धिस प्लेस. टू स्टेप शिफ्ट." जयप्रकाशरावांचं इंग्रजी यंत्रांच्या पुस्तिकांमधून शिकलेलं होतं. त्यात क्रियापदं कमी आणि सुटे भाग जास्त होते, पण कामाच्या माणसाला ते कळत असे. योकेबाईंना कळलं. त्यांनी टेबल फरफटत कुंपणापर्यंत आणलं, भिंग कुंपणाच्या कठड्यावर ठेवलं आणि करोनाच्या नियमाप्रमाणे दीड मीटर मागं जाऊन उभ्या राहिल्या.

तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला कामाचं काही विचारतंय, ह्या सुखानं जयप्रकाशराव जरा फुगलेच. फेब्रुवारीत ते नव्वद दिवसांसाठी म्हणून आले होते. चित्राबाई आल्या नव्हत्या. गुडघे, विमानातली ती एवढीशी खुर्ची, आणि घराला कुलूप लावायचं नाही, ही त्यांची तीन कारणं होती, आणि त्यांतलं तिसरंच खरं होतं. मग विमानंच बंद झाली. व्हिसा वाढवून मिळाला, वैदेहीनं ऑनलाइन काहीबाही भरून दिलं, पण एकाहत्तराव्या वर्षी लेकीच्या घरात माणसानं दिवसभर करायचं काय, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. वैदेही वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, जावई आशुतोष खालच्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि नऊ वर्षांची नात मृण्मयी स्वयंपाकघरात शाळेच्या मीटिंगमध्ये. जयप्रकाशराव मराठीत विचारत, ती डचमध्ये उत्तर देई, आणि दोघंही एकमेकांना कळल्यासारखं करत. दुपारचं जेवण झालं की ते बाहेर येऊन तुळशीपाशी उभे राहत. त्यामुळे आता भिंग हातात आल्यावर त्यांनी घाई केली नाही. आधी ते सदऱ्याच्या टोकाला पुसलं, मग डोळ्याशी धरलं.

कापड तेराशे वर्षांपूर्वीचं आहे, योकेबाई सांगत होत्या. समरकंदच्या बाजूला कुठंतरी विणलेलं रेशीम. तिथून ते हातोहात इतक्या लांब आलं आणि एका चर्चमध्ये कुणा संताच्या अस्थी गुंडाळायला वापरलं गेलं. तळहाताएवढाच तुकडा उरला आहे. त्यांच्या सहकाऱ्यांत वाद चालू आहे की मानेपाशी कापड फाटलं होतं आणि नंतर कुणीतरी ते जोडलं.

"नो, नो," जयप्रकाशराव म्हणाले. "थ्रेड कंटिन्यू. विणतानाच झालं. वीव्हिंग टाइम."

"म्हणजे विणणाऱ्याची चूक?"

जुन्या मागावर दोन माणसं लागत, हे जयप्रकाशरावांना ठाऊक होतं. एक जण विणायचा आणि दुसरा नक्षीच्या दोऱ्या ओढायचा. तेव्हा विचार न करताच ते बोलून गेले, "वीव्हर नाही. हेल्पर. दोरी ओढणारा. ऑलवेज हेल्पर मिस्टेक."

योकेबाई हसल्या. "सगळे असंच म्हणतात. मला मात्र नेहमी त्या ओढणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. तुम्ही हे कशावरून ठरवता?"

कशावरून ठरवता म्हणजे? त्याला नियम आहे. जयप्रकाशरावांनी तो उभ्या हयातीत कितीतरी नवख्यांना शिकवला होता. दोरी चुकली किंवा नव्या मागावरचा भोकांचा पत्ता मागंपुढं झाला, तर ओळच्या ओळ बिघडते, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, कारण ओळ सगळ्या रुंदीची असते. आणि बिघाड एका जागेपुरताच असेल, बाजूचं सगळं जागच्या जागी असेल, तर हात चुकलेला नाही, चित्रच चुकलेलं आहे. हे ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावत होते, समजावता समजावता भिंग मानेवरून डावीकडच्या मोत्यांवर नेत होते, मग उजवीकडच्या. मोती पायरीपायरीनं चढत होते. त्याच ओळीत, मानेच्या दोन्ही बाजूंना. एकही घसरलेला नव्हता.

"सो नॉट हेल्पर," ते हळूच म्हणाले. "डिझाइन. मास्टर मिस्टेक."

योकेबाईंनी वहीत ते लिहून घेतलं आणि मनापासून आभार मानले. त्या आणखीही काही म्हणाल्या, पण जयप्रकाशरावांचं लक्ष उडालं होतं. कारखान्यात त्यांना सगळे मास्टर म्हणत. झारीतलं उरलेलं सगळं पाणी त्यांनी तुळशीत ओतलं आणि ते आत निघून गेले.

आता त्र्याऐंशी सालच्या मोराबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्या घरात ती गोष्ट माहीत नसलेलं कुणी नाही. जयप्रकाशरावांनी तेव्हा नुकती नवी नोकरी धरली होती आणि हैदराबादच्या एका व्यापाऱ्यासाठी मोराच्या चादरीची नक्षी काढली होती. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची, मग तिच्या एकेका ओळीचा एकेक पुठ्ठ्याचा पत्ता भोकं पाडून तयार करायचा, आणि ते हजारभर पत्ते क्रमानं दोऱ्यात ओवून साखळी करायची. साखळी मागावर चढली की माग वाचत जातो आणि विणत जातो. ओवण्याचं काम बायका घरी करत. चित्राबाई ते करत आणि फार सुरेख करत. एकोणतीस वर्षांची, कमरेला पदर खोचलेली चित्रा जमिनीवर लाकडी चौकट घेऊन बसे, ओठ हलत असत, आकडे पुटपुटत तिची बोटं अशी चालत की बघणाऱ्यानं चहा गार करावा. शेजारच्या गल्लीतले दोन कारखाने तिला काम द्यायला टपलेले होते. त्या मोराच्या चादरी विणून निघाल्या आणि व्यापाऱ्यानं पहिल्याच चादरीवर बोट ठेवलं. मोराची मान मोडली होती. सगळ्या चादरींवरच्या सगळ्या मोरांची. मालकानं सर्वांसमोर विचारलं, मास्टर, हे काय? आणि मास्टरनी चादरीकडे नीट न पाहताच सांगितलं, घरी ओवताना दोन पत्ते मागंपुढं झाले असतील. नक्षी रद्द झाली. साखळी घरी आली, चित्राबाईंनी ती तोडून बंबात घातली आणि त्या पाण्यानं दोन वर्षांच्या वैदेहीला न्हाऊ घातलं. चादरी कामगारांना वाटून टाकल्या, त्यांतली एक मास्टरांच्या घरीही आली. त्यानंतर चित्राबाई ओवायला बसल्या नाहीत. मूल लहान आहे, म्हणाल्या.

गोष्ट मात्र वाढत गेली. जयप्रकाशराव ती रंगवून सांगत. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, सत्यनारायणाच्या प्रसादानंतर. "आमच्या बाईंनी मोराची मान मुरगळली" अशी सुरुवात करत. मालकाचा आवाज, व्यापाऱ्याची तेलुगू मिसळलेली हिंदी, सगळं काढून दाखवत. त्यात राग कधीच नव्हता. उलट इतकं प्रेम होतं की ऐकणाऱ्यानं चित्राबाईंकडे कौतुकानंच पाहावं. चित्राबाई हसत आणि आत जाऊन आणखी पोळ्या घेऊन येत. चित्राबाईंचा धाकटा भाऊ मोहन तर आता ती गोष्ट जयप्रकाशरावांपेक्षा चांगली सांगे. आपण बायकोला इतक्या मोठ्या मनानं माफ केलं, ह्याचं जयप्रकाशरावांना मनातून थोडं समाधानही होतं. ते आता आठवल्यावर जिना चढता चढता त्यांनी कठडा धरला.

चादर वरच होती, त्यांच्याच पलंगावर. वैदेही लग्नानंतर इकडे आली तेव्हा ती घेऊन आली होती, आणि तीन महिने ते रोज तीच पांघरून झोपत होते. इतक्या वर्षांच्या धुण्यानं तिचा लाल रंग विटकरी झाला होता, पण विणीला काही झालं नव्हतं. त्यांनी ती खिडकीशी नेली, खुर्चीच्या पाठीवर ताणली आणि मृण्मयीच्या शाळेच्या पेटीतलं भिंग आणलं. काठावर वेल होती. वेल तिरकी, पायरीपायरीनं वर चढणारी. दोन ओळी मागंपुढं झाल्या असत्या तर वेलही मानेच्या त्याच ओळीत अडखळली असती. चुकीला लपायला जागाच नव्हती. त्यांनी मोराच्या मानेवर बोट ठेवलं आणि त्याच ओळीनं आडवं काठापर्यंत नेलं. वेल सरळ चढत होती. दुसऱ्या काठावर गेले. तिथंही. मग त्यांना वाटलं, ओळच चुकली असेल आपली, बोट सरकलं असेल. म्हणून ते तळापासून ओळी मोजायला लागले. शंभरावर आल्यावर मृण्मयी आत डोकावली.

"आजोबा, वात डू ये?" काय करताय, असं ती विचारत होती, हे त्यांना हल्ली कळू लागलं होतं.

"मोजतोय गं. दोनशे होईपर्यंत बोलू नकोस."

ती पलंगावर बसून राहिली. तिलाही कदाचित कंटाळा आलेला असावा. तीनशेच्या पुढं त्यांचा आकडा चुकला आणि ते पुन्हा पहिल्यापासून बसले. ह्या वेळी तिनं दर शंभराला कागदावर एक रेघ मारली. चारशे बाराव्या ओळीवर मान तुटत होती. चारशे बारापासून पुढं मोराचं सगळं डोकं, तुरा, चोच, दोन घरं उजवीकडे. वेल मात्र जागच्या जागी. तेव्हा त्यांना खळीचा वास आला. खरोखरचा वास, गव्हाच्या पिठाच्या खळीचा, फोरबर्गच्या त्या स्वच्छ खोलीत. मोराचा कागद एका तावात मावत नव्हता. दोन ताव जोडले होते. काठाची वेल जुन्याच एका नक्षीची, वेगळ्या पट्टीवर होती. जोड मानेपाशी आला होता. खळ चित्रानंच शिजवून दिली होती. दुपारची वेळ होती, गल्लीत कॅरमची फायनल चालली होती आणि खिडकीखालून कुणीतरी हाक मारत होतं, मास्टर, चला. त्यांनी वरचा ताव चिकटवला, हातानं दाबला आणि वाळायच्या आत ते चपला घालून बाहेर पडले. ओला कागद सरकतो हे शाळेतल्या पोरालाही कळतं. दोनच घरं. कॅरमची फायनलही ते हरले होते.

त्यांना रडू आलं नाही. लाज वाटली, ती मात्र कानापर्यंत गरम अशी वाटली, आणि मृण्मयी समोर असल्यामुळे ती दाखवताही आली नाही. चूक झाली ह्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. धंद्यात चुका होतात. पण न बघता बोलल्याचं काय करायचं? आणि एकदा बोलून झाल्यावर सदतीस वर्षं तेच इतक्या आवडीनं सांगत राहिल्याचं, गेले तीन महिने तर ह्याच चादरीखाली झोपून? चित्राची ती बोटं त्यांना दिसत राहिली. त्यानंतर त्या बोटांनी पोळ्या केल्या, शेवया केल्या, वैदेहीचे स्वेटर विणले, आणि जयप्रकाशरावांना कधी वाटलंही नाही की त्या बोटांचं काही गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून फोन लावला. सोलापुरात दुपारचे चार झाले होते. चित्राबाईंनी दुधाच्या पिशव्या साबणानं धुवून दोरीवर चिमट्यानं लटकवल्या होत्या, त्या आधी दाखवल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यातले शिरीष गेले हो. काल. कुणाला बघायलाही दिलं नाही."

शिरीष पत्ते पंच करायचा. त्या मोराचेही त्यानंच केले होते.

"ऐकताय ना? तुम्ही तिथं बाहेर हिंडू नका. वैदेहीला सांगितलंय मी."

"तुला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

चित्राबाई फोन फार जवळ धरत, त्यामुळे त्यांचं कपाळ आणि कुंकू तेवढं दिसत होतं. त्या कपाळाला काय सांगायचं ते त्यांना सुचेना. "आता नको," ते म्हणाले, "आवाज तुटतोय." आवाज मुळीच तुटत नव्हता. बुधवारी असंच झालं आणि शुक्रवारीही. एकदा भेंडीचा भाव मध्ये आला, एकदा गुडघे. पण आता त्यांना भीती वाटू लागली होती, आणि ती कशाची हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपण इथं किंवा ती तिथं, कुणीतरी आधी गेलं, तर ही गोष्ट अशीच चुकीची राहील. वर्षश्राद्धाच्या पंगतीतही मोहन ती सांगेल, लोक डोळे पुसत हसतील, आणि चूक तिच्या नावावरच राहील. शनिवारी योकेबाईंनी कुंपणावरून सांगितलं की त्यांनी जयप्रकाशरावांचं म्हणणं सहकाऱ्यांना लिहून पाठवलं आणि दोघांना ते पटलं. "तेराशे वर्षांनी त्या ओढणाऱ्याची सुटका झाली," त्या म्हणाल्या. जयप्रकाशराव म्हणाले, "लेट. व्हेरी लेट." योकेबाईंना वाटलं ते विनोद करताहेत.

रविवारी सगळ्यांची झूमवर गाठ पडे. पुण्याहून मोहन आणि त्याची बायको मालिनी, सोलापूरहून चित्राबाई, फोरबर्गहून ही मंडळी. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होई, आणि कुणालाच निरोप घ्यावा लागत नसे, म्हणून ती व्यवस्था सगळ्यांना पसंत होती. त्या रविवारी मालिनी मास्क शिवत होती. चित्राबाई तिला नाड्या कशा बसवायच्या ते सांगत होत्या. मोहन हसत म्हणाला, "मालिनी, ताईचं ऐकू नको हं. नाडी पुढं आणि मास्क मागं येईल. दाजी, सांगा हिला, मोराचं काय झालं ते."

सगळे हसले. चित्राबाईही हसल्या, नेहमीसारख्या.

"चूक माझी होती," जयप्रकाशराव म्हणाले.

"बाबा, यू आर ऑन म्यूट," वैदेही म्हणाली आणि तिनं वाकून बटण दाबलं.

म्हणजे हे पुन्हा म्हणावं लागणार होतं. त्यांनी म्हटलं. "मोराची मान माझ्यामुळं मोडली. तुमच्या ताईचा एकही पत्ता मागंपुढं नव्हता. मी चादर बघितली, ओळी मोजल्या. माझा कागद सरकला होता. वेल सरळ आहे."

"अरे वा," मोहन म्हणाला. "लॉकडाऊनमध्ये दाजींना बायकोची आठवण यायला लागली. ताई, मस्का चाललाय."

पण चित्राबाई हसत नव्हत्या. त्यांनी फोन लांब धरला होता, त्यामुळे पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता, मागं स्वयंपाकघराची फळी, तिच्यावर ओळीनं डबे.

"कुठल्या ओळीला?" त्यांनी विचारलं.

"चारशे बारा."

त्यांचे ओठ हलले, जुने आकडे मोजावेत तसे. मग त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "ती साखळी मी दोनदा मोजली होती. द्यायच्या आधी एकदा, आणि बंबात घालताना एकेक पत्ता बघत एकदा. सगळे नंबर बरोबर होते. मग मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे माझं मोजणंच चुकत असणार. तेव्हापासून मी गॅस बंद केला तरी तीनतीनदा बघते. ओवायचं म्हटलं की हात..."

आणि चाळीस मिनिटं झाली. पडदा पांढरा झाला.

"जाऊ दे बाबा," वैदेही म्हणाली. "आय मीन, मी नंतर आईशी बोलते. तुम्ही ठीक आहात ना?"

"दुसरी लिंक पाठव."

"आत्ता? रविवारी परत कुणी येत नाही बाबा."

"तू पाठव."

तिनं पाठवली. जयप्रकाशराव खुर्चीत पुढं सरकून बसले. पडद्यावर त्यांचा एकट्याचाच चेहरा होता, आणि तो बघायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती. ती येणार नाही, त्यांना वाटलं. का यावं? हात धुऊन कुकर लावेल. सदतीस वर्षं ती पोळ्या आणायला आत जात आली, आजही जाईल. तिनं यावं एवढंच त्यांना हवं होतं. येऊन रागावली तरी चाललं असतं, वाट्टेल ते बोलली असती तरी चाललं असतं. मिनिटभरानं दुसरी चौकट उघडली. आधी अंधार, मग छत, मग चित्राबाई. त्या पाटावर बसल्या होत्या आणि फोन समोर कशाला तरी टेकवून ठेवलेला होता, म्हणजे त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. डोळे पुसलेले दिसत होते. पदर खोचलेला होता.

"चित्रा," जयप्रकाशराव म्हणाले, "मी तेव्हा बघितलंच नाही गं. न बघता..."

"थांबा," त्या म्हणाल्या. "मोहनला येऊ दे. मग सांगा. पहिल्यापासून सांगा, कॅरम असेल, काय असेल ते सगळं. त्याला पुढं नीट सांगता यायला हवं."

कॅरमचं त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तरी ते तिला ठाऊक होतं; त्या दुपारी ती घरातच होती. दोघंही मोहनची वाट बघत बसले.